कारणाचा रकाना

सरकारने एखाद्या प्रश्नाच्या चौकशीसाठी मंडळ नेमले म्हणजे तो प्रश्न विधिपूर्वक पुरला गेला, असे आमचे एक वकील स्नेही नेहमी म्हणत असतात. त्यांचा या बाबतीतला अनुभव दांडगा असल्यामुळे आम्ही सहसा वाद घालीत नाही. एका उन्हाळ्यात ते नांदेडास आमच्या घरी आले असता त्यांनी एक बातमी मोठ्या चवीने वाचून दाखविली. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०२४ साली कायदा करून एक अभ्यासगट नेमला होता. काही जातींच्या अळंब्यांत व वनस्पतींत मनाची अवस्था पालटून टाकणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. ती लोकांस सुरक्षितपणे, नियमांच्या चौकटीत राहून मिळू शकतील काय, याचा विचार त्या गटाकडे सोपविलेला होता. "आता नशा कशी करावी हेही सरकारच शिकविणार!" असे म्हणून वकीलसाहेब पोटभर हसले. आम्ही त्यांना सांगितले की, असले मंडळ आपल्या देशात सव्वाशे वर्षांपूर्वीच होऊन गेले आहे, आणि त्याचा अहवाल आम्ही पुष्कळसा वाचला आहे. त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा आम्ही आमची टिपणवही काढून त्यांच्यापुढे ठेविली. वही पाहून ते अधिकच चकित झाले, कारण आमचा विषय इंग्रजी काव्य. गांजा-भांगेशी आमचा संबंध काय? त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्ही दिले नाही. ते येथे देत आहो.

प्रथम त्या मंडळाविषयी. विल्यम केन या नावाचे, दारूबंदीचा ध्यास घेतलेले एक गृहस्थ ब्रिटिश पार्लमेंटात होते. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी बंगालातील गांजाच्या व्यापाराविषयी प्रश्न उपस्थित केला. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरून गेली आहेत, असा त्या काळी विलायतेत बोलबाला होता. चौकशी मुळात बंगालपुरती व्हावयाची होती. हिंदुस्थान सरकारने ती साऱ्या ब्रिटिश मुलुखास लागू केली आणि त्याच वर्षीच्या जुलैत सात सभासदांचे मंडळ नेमले. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. सातांपैकी तिघे एतद्देशीय होते : ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय, पंजाबचे कंवर हरनामसिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. वर्षभर हे लोक हिंडले. ११९३ साक्षीदारांची म्हणणी त्यांनी नोंदवून घेतली. त्यांत कलेक्टर होते, डॉक्टर होते, मिशनरी होते, मक्तेदार होते, तसेच वैद्य आणि बैरागीही होते. १८९४ साली अहवालाचे सात खंड निघाले. पृष्ठे तीन हजारांहून अधिक. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते आता घरबसल्या संगणकावर वाचता येतील असे केले आहेत, म्हणून आमच्यासारख्या नांदेडच्या मास्तरासही ते सुलभ झाले.

हे खंड रुक्ष असतील अशी आमची अपेक्षा होती. पण त्यांच्या परिशिष्टांत जागोजाग मौज आहे. भाषापंडित ग्रियर्सन यांनी संस्कृत व हिंदी ग्रंथांत भांगेचे उल्लेख कोठे कोठे येतात याचे टिपण लिहून दिले आहे. ज्यांच्या गॅझेटियरावाचून पश्चिम महाराष्ट्राच्या जुन्या माहितीचे पान हलत नाही, त्या जेम्स कॅम्बेलसाहेबांनी भांगेच्या धार्मिक महत्त्वावर असे टिपण लिहिले आहे की, ते वाचताना हा जकात व अबकारीचा अधिकारी आहे की काशीचा पंड्या, असा भ्रम पडावा. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात तेव्हा गांजाची लागवड होत असे, तिचीही हकीकत त्या खंडांत आहे. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्या आजोबा-पणजोबांची साक्ष घेण्यास कोणी आले नाही.

पण आम्ही ज्या प्रकरणाकडे पुनःपुन्हा वळलो ते वेड्यांच्या इस्पितळांचे. त्या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत एक रकाना असे : वेड लागण्याचे कारण. वर्षानुवर्षे त्या रकान्यात 'गांजा' हा शब्द पडत आला होता आणि त्याच आकड्यांवर सरकारचे व पार्लमेंटाचे मत बनले होते. मंडळाने एक साधी गोष्ट केली. हा शब्द त्या रकान्यात येतो कोठून, हे त्याने शोधून काढावयाचे ठरविले. तेव्हा असे आढळले की, रोग्याला इस्पितळात पाठविताना पोलीस वा मॅजिस्ट्रेट त्याच्याविषयी माहितीचा एक कागद भरून देत. शिपायाने शेजारपाजाऱ्यांस विचारावे, 'हा काही ओढतबिढत होता काय?' कोणी 'हो' म्हटले की कारण सापडले. इस्पितळाचा अधिकारी तेच आपल्या वहीत उतरून घेई. मग त्याच वहीवरून प्रांताचा तक्ता, प्रांतांच्या तक्त्यांवरून देशाचा तक्ता. १८९२ या एका वर्षात ज्यांचे वेड गांजा-भांगेमुळे म्हणून नोंदलेले होते अशा २२२ रोग्यांची मंडळाने एकेक करून पुन्हा चौकशी केली, नातेवाइकांस व गावकऱ्यांस पुन्हा विचारविले. अखेर ९८ प्रकरणांतच गांजाचा संबंध मानण्यास जागा आहे असे ठरले, आणि त्यांतूनही इतर कारणे मिसळलेली वगळता केवळ गांजाकडे बोट दाखवावे अशी ६१ उरली.

हे पान वाचून आम्ही पुस्तक बंद केले आणि तो दिवस पुढे काही वाचले नाही. त्याला कारण आमचे धाकटे चुलते.

काका औसा तालुक्यात, किल्लारीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर शिक्षक होते. गावात भाड्याचे माळवदी घर होते. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि डोईवर मातीचे मणामणांचे ओझे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गावे झोपी गेली असता, चार वाजण्यास चार मिनिटे कमी असताना ती भूमी हलली. काकू त्या आठवड्यात आजीच्या दुखण्यासाठी लातुरास होत्या. उकाडा म्हणून काका ओट्यावर निजले होते. नऊ वर्षांचा श्रीपाद आत निजला होता. काकांनी हातांनी दगड उपसले. दुपारी लष्कराचे लोक आले तेव्हा त्यांच्या दहाही बोटांची नखे गेलेली होती, एवढे आम्हांस ठाऊक आहे. अधिक त्यांनी कधी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही.

त्यानंतर काका-काकू लातुरास आमच्या घरी येऊन राहिले. पहिले वर्ष काका शाळेत जात, येत, जेवत. कोणाच्या डोळ्यांवर यावे असे काही नव्हते; फक्त त्यांची झोप गेली होती. नंतर ते सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसू लागले. तेथे महाशिवरात्रीची यात्रा भरते, तेव्हा आलेल्या बैराग्यांपैकी दोघे-तिघे मागे राहिले होते, त्यांच्यात ते रमत. चिलीम हाती आली ती तेथेच. पुढे त्यांना आवाज ऐकू येऊ लागले. जमिनीला कान लावून ते तासतास पडून राहत. एकदा पहाटे त्यांनी गल्लीतील घराघरांची दारे ठोठावून सर्वांस बाहेर काढले. १९९५ च्या पावसाळ्यात त्यांना दूरच्या एका मनोरुग्णालयात नेण्याचे ठरले.

आम्ही तेव्हा औरंगाबादेस (आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर) इंग्रजी घेऊन एम.ए. झालेले नवे पदवीधर होतो. दाखल करण्याचा छापील कागद इंग्रजीत होता. साहजिकच तो भरण्याचे काम आमच्याकडे आले. नाव, वय, धंदा, सारे भरून झाले. मग कारण. आम्ही वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "भूकंपात कोणाचे गेले नाही? सगळेच का वेडे झाले?" हा प्रश्न त्यावेळी आम्हांस बिनतोड वाटला. मग ते हळूच म्हणाले, "गांजा लिही." आम्ही लिहिले. अक्षर आमचे तेव्हाही चांगले होते.

काका सात महिन्यांनी परत आले. त्यानंतर २००६ साली वारेपर्यंत त्यांनी चिलमीस हात लावला नाही. आणि त्यानंतरही, अकरा वर्षांत एकही रात्र न चुकता, पहाटे चारच्या आत ते अंथरुणावरून उठत व उजाडेपर्यंत अंगणाच्या मधोमध जाऊन बसत. गल्लीत मात्र त्यांचे नाव 'गांजेकस गुरुजी' असेच राहिले. आम्ही स्वतः हे नाव घेतले नाही. कोणी घेतले तर अडविलेही नाही. २०२१ साली वडील गेले. त्यांच्या ट्रंकेत त्या कागदाची प्रत निघाली. त्या रकान्यातील ते अक्षर पाहिल्यापासून आम्ही गांजाविषयी मिळेल ते वाचीत सुटलो, आणि तसे वाचता वाचता १८९४ च्या त्या पानाशी येऊन पोहोचलो.

आता कोणी म्हणेल, प्रोफेसर आपल्या मनाचे ओझे उतरविण्यासाठी गांजास निर्दोष ठरवू पाहत आहेत. तसे ठरविता येत नाही, हीच तर आमची अडचण आहे. २०१९ साली युरोपातील काही शहरांत व ब्राझीलमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले की, रोज गांजा ओढणाऱ्यांत बुद्धिभ्रंशाचे विकार होण्याचा संभव न ओढणाऱ्यांच्या तिपटीने अधिक असतो. गांजा तीव्र जातीचा असेल तर तो जवळजवळ पाचपट होतो. काकांचा आजार चिलमीने वाढविला नसेल असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्या २२२ रोग्यांपैकी ते ९८ मध्ये मोडले असते की उरलेल्यांत, हे आज कोण सांगणार? कारण ज्या वेळी विचारावयाचे त्या वेळी कोणी विचारले नाही. एका शब्दावर सर्वांचे समाधान झाले, त्यात आमचेही.

मंडळाचे निष्कर्ष थोडक्यात असे : बेताने घेणाऱ्यांस सहसा अपाय होत नाही, अतिरेक करणाऱ्यांस होतो. सरसकट बंदी घालू नये. लागवड परवान्याने व ठराविक जागीच व्हावी, मालावर कर बसवावा, दुकाने मोजकी असावीत, जवळ बाळगण्याच्या मालास मर्यादा असावी. हे सारे शहाणपणाचे वाटते. तथापि इंग्रज सरकारला गांजापासून महसूल मिळत होता, हे विसरून हे वाचणे भाबडेपणाचे होईल. आणि एक गोष्ट आम्हांस आजही टोचते. तीन एतद्देशीय सभासदांपैकी दोघांनी, राजे शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद यांनी, आपली भिन्न मतपत्रिका जोडली; बहुमताची ही नरमाई त्यांस मान्य नव्हती. ज्यांच्या घरादारांत हे चालते त्यांचे मत अधिक कडक निघावे, यात काहीतरी आहे. आमचे वडील त्या मंडळावर असते तर त्यांनीही तिसरी मतपत्रिका जोडली असती.

मेरीलँडच्या बातमीत 'नैसर्गिक' या शब्दावर भर होता. त्याविषयीही आमचे मन साशंक आहे. महाशिवरात्रीस महादेवाच्या पिंडीवर जे धोत्र्याचे फळ वाहतात, ते लातूर-नांदेडच्या कोणत्याही उकिरड्यावर फुकट उगवते. त्याहून नैसर्गिक ते काय? आणि त्याच्या थोड्याशा बियांनी माणूस सैरभैर होऊन दगावतो. निसर्गाने दिले म्हणून ते सौम्य, हा हिशेब कोणत्याही खेडुतास पटणार नाही. गांजा, धोत्रा व ती विलायती अळंबी या तिन्हींची जात निराळी, गुण निराळे. त्यांस एका माळेत ओवणे वैद्यकास धरून नाही. अमेरिकेतच ओरेगन राज्यात २०२० साली लोकांनी कौल दिला आणि २०२३ पासून तेथे अळंबीतील द्रव्य देण्याची केंद्रे चालू झाली. परंतु ते द्रव्य दुकानातून घरी नेता येत नाही. शिकविलेल्या माणसाच्या देखत, त्या केंद्रातच ते घ्यावे लागते, आणि तत्पूर्वी त्याच्याशी बसून बोलणे आवश्यक असते.

हे वाचले तेव्हा आम्हांस नांदेडचे निहंग आठवले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथेच देह ठेविला. होळीनंतर हल्ला-महल्ल्याच्या दिवशी निळ्या वेषातील निहंगांचे घोडे गुरुद्वाराच्या रस्त्याने धावतात ते पाहण्यास आम्ही दरवर्षी जातो. त्यांच्यात 'सुखा' नावाचे पेय घेण्याची जुनी परंपरा आहे : भांगेची पाने, बदाम, खसखस, मिरे, वेलदोडे ही दगडी कुंडीत लाकडी बत्त्याने घोटून केलेले. शिखांच्या सर्वमान्य आचारसंहितेत भांगेसह सर्व मादक पदार्थ निषिद्ध आहेत, आणि यावरून त्या समाजात वाद झालेले आहेत. आम्ही परके, त्यात पडत नाही. परंतु आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाबाजींना आम्ही एकदा विचारले की, यातून कोणी वाहवत जात नाही काय? ते म्हणाले, "प्रोफेसरसाब, एकटा बसून घेतो तो जातो. इथे घोटणारा वेगळा, वाटणारा वेगळा, आणि आधी अरदास." बाबाजींच्या या नियमात आणि ओरेगनच्या नियमात फार अंतर आहे असे आम्हांस दिसत नाही. सिद्धेश्वराच्या ओवरीत काका ज्यांच्यासंगे बसत, तेथे मात्र चिलीम भरणारे होते. पुरे म्हणणारे कोणी नव्हते.

आपल्या कायद्याची स्थिती चमत्कारिक आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत, म्हणून त्या कायद्याखाली भांग गुन्हा नव्हे. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे, त्यान्वये परवान्यावाचून भांगही बाळगता येत नाही. एकाच झाडाचा शेंडा केंद्राने धरला आहे आणि पान राज्याने. आमच्याकडे तुरीच्या वा कपाशीच्या ओळींत कोणी चार झाडे लावली की पोलीस ती उपटून, मोजून, छायाचित्र काढून नेतात. लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. २०१९ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे सुमारे २ कोटी २० लक्ष लोक भांग आणि सुमारे १ कोटी ३० लक्ष लोक गांजा वा चरस घेतात. इतक्या लोकांविषयी आपण उपटलेल्या झाडांच्या वजनापलीकडे फारसे काही नोंदवीत नाही. हिमाचल प्रदेशाने २०२३ साली या झाडाच्या औषधी व औद्योगिक लागवडीचा विचार करण्यास समिती नेमली, तिने दुसऱ्या वर्षी अहवालही दिला. पण तो विचार शेतीचा व उत्पन्नाचा. चिलीम का ओढली जाते, हा प्रश्न त्यात येत नाही. वकीलसाहेब म्हणतात तेच खरे असेल, मंडळाने काही होत नाही. तरी मराठवाड्यात कोणी असे मंडळ नेमलेच, तर त्याने इस्पितळांच्या कपाटांतील जुने कागद प्रथम बाहेर काढावेत, एवढी आमची मागणी आहे. त्यांत एक आमचा सापडेल.

काकू लातुरास असतात. आता त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तो कागद सापडल्यावर दोन वर्षे आम्ही त्यांना काही बोललो नाही. अखेर दिवाळीस गेलो असता कागद पुढे ठेवला आणि अक्षर आमचे आहे हे सांगितले. त्यांनी चष्मा लावला नाही.

"तुझ्या वडिलांना गांजाचं मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "गांजा सुटतो, असं मला वाटलं. दुसरं जे होतं ते कसं सुटणार होतं?"

आम्ही मग त्यांना त्या जुन्या मंडळाची हकीकत सांगितली. इंग्रजांच्या वेळी असेच कागद भरले गेले होते, ते पुढे तपासले, आणि निम्म्याहून अधिक चुकीचे निघाले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"किती म्हणालास?"

"दोनशे बावीस होते. अठ्ठ्याण्णव खरे ठरले."

त्यांनी मनाशी वजाबाकी केली. गुरुजींच्या घरात त्यांचा जन्म गेला होता.

"मग त्या बाकीच्या एकशे चोविसांच्या घरी कुणी कळवलं का?"

त्या सात खंडांत त्याची नोंद आम्हांस कोठे आढळली नव्हती.